शाळेच्या दारातला रस्ता कोणाचा?

(दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गालगत पालक, शिक्षक व वाहनचालक कामगारांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता लहान वाटेल. महागाई, बेकारी, कामगार कायद्यांवरील हल्ले असे जिव्हाळ्याचे प्रश्न उभे असताना शाळेसमोरील वाहनांच्या वेगावर सभा कशासाठी, असे कोणी विचारील. पण ज्या प्रश्नावर दररोज पोटची मुले मरतात, तो प्रश्न लहान नसतो. त्याला लहान ठरवण्यात कोणाचे तरी हित असते, एवढेच. ते हित कोणाचे, याची तपासणी हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

ज्या रस्त्यालगत ही सभा भरली आहे, त्याच्यापासूनच आरंभ करणे उचित होईल. याचे जुने नाव कर्झन रोड. बंगालची फाळणी करणाऱ्या व्हाइसरॉयचे नाव जाऊन त्या जागी १९४४ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना प्राण ठेवलेल्या कस्तुरबांचे नाव आले. नाव बदलले, रस्त्याची घडण मात्र बदलली नाही. कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे सरळ रेषेत जाणारा हा रुंद मार्ग साम्राज्याच्या राजधानीसाठी आखलेल्या नगररचनेचा भाग आहे. त्यात सत्तेच्या वाहनाला अडथळा होऊ नये, ही दृष्टी प्रधान होती. पायी चालणारा माणूस गौण होता. आज याच मार्गावर वृत्तपत्रांच्या व बँकांच्या इमारती आहेत, परदेशी सांस्कृतिक केंद्रे आहेत, २०१३ साली उघडलेले नवे महाराष्ट्र सदन आहे आणि भारतीय विद्या भवनाचे मेहता विद्यालयही आहे. जवळच बाराखंबा मार्गावर मॉडर्न स्कूल आहे. म्हणजे कचेऱ्यांची गर्दी आणि मुलांची वर्दळ यांची गाठ ज्या रस्त्यांवर पडते, त्यांपैकी हा एक. परंतु सरळ व रुंद रस्ता वाहनचालकाला निराळीच आज्ञा देतो. फलकावर काहीही लिहिलेले असो, रस्त्याचा आकारच त्याला सांगतो की, वेग वाढव.

वेग म्हणजे काय?

वेगाविषयीच्या चर्चेत भावना पुष्कळ असतात, हिशेब थोडा असतो. म्हणून प्रथम हिशेब पाहू.

ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जाते. समोर मूल आले हे डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकालाही साधारण एक सेकंद लागतो. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबण्यास आणखी सुमारे ५ मीटर लागतात. म्हणजे एकूण १३ मीटर. आता तीच मोटार ताशी ५० किलोमीटरने जात आहे असे समजा. त्या पहिल्या एका सेकंदातच ती १४ मीटर जाते. याचा अर्थ असा की, ३० च्या वेगाची गाडी जिथे पूर्णपणे थांबली असती, तिथे ५० च्या वेगाच्या गाडीला अजून ब्रेकच लागलेला नसतो. मूल तेरा मीटरवर असेल तर पहिली गाडी त्याच्यापाशी उभी राहते. दुसरी आपल्या पूर्ण वेगानिशी त्याच्यावर जाते. ७० च्या वेगाने ही गाडी थांबायला साडेचाळीस मीटरांहून अधिक अंतर लागते. आणि आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ७० च्या गाडीचा तडाखा ३० च्या गाडीच्या सुमारे साडेपाच पट असतो.

हे निसर्गनियम आहेत. चालक सज्जन आहे की उर्मट, सुशिक्षित आहे की अडाणी, यावर ते अवलंबून नाहीत.

दुसरी बाजू मुलाची. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. त्याची उंची उभ्या मोटारीच्या छपराएवढीही नसते. त्यामुळे त्याला येणारी गाडी दिसत नाही आणि गाडीवाल्याला ते दिसत नाही. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील मानसशास्त्रज्ञांनी २०१० च्या सुमारास केलेल्या अभ्यासात असे आढळले की, प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना ताशी ३० किलोमीटरहून बऱ्याच अधिक वेगाने येणारे वाहन आपल्याकडे येत आहे, हे भरवशाने ओळखताच येत नाही. प्रौढाची दृष्टी जे टिपते, ते टिपण्याइतकी त्यांची दृष्टिशक्ती अजून पक्व झालेली नसते. तेव्हा ‘मुलांना रस्ता ओलांडण्याचे शिक्षण द्या’ हा उपदेश चांगला असला, तरी अपुरा आहे. जे शरीराला शक्य नाही, ते शिकवून येत नसते. मुलाला रस्त्याजोगे करता येत नाही. रस्त्यालाच मुलाजोगे करावे लागते.

अठ्ठावीस मुलांनी मिळवून दिलेला कायदा

दिल्लीत या प्रश्नाचा इतिहास एका तारखेशी जोडलेला आहे. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी वझिराबादच्या पुलावरून शाळकरी मुलांनी भरलेली बस यमुनेत कोसळली आणि २८ मुले बुडून मेली. ही मुले लडलो कॅसल येथील सरकारी शाळेत शिकणारी, सामान्य घरांतील होती. त्यानंतर दोनच दिवसांनी, म्हणजे २० नोव्हेंबर रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात दिल्लीच्या वाहतुकीविषयी सविस्तर आदेश दिले. जड व मध्यम परिवहन वाहनांना ताशी ४० किलोमीटरहून अधिक वेग घेता येणार नाही असे गतिनियंत्रक बसवावेत, भरधाव वा धोकादायक वाहन चालवल्याचा आरोप एकदाही झालेल्या चालकाच्या हाती शाळेची बस देऊ नये, अशा सूचना त्यात होत्या. १६ डिसेंबर १९९७ च्या आदेशाने त्यांत भर पडली: बसच्या पुढे-मागे ‘स्कूल बस’ ही अक्षरे, खिडक्यांना आडव्या जाळ्या, दाराला भरवशाची कडी, प्रथमोपचाराची पेटी, अग्निशामक, प्रशिक्षित मदतनीस, शाळेचे नाव व दूरध्वनी क्रमांक. आज देशभर शाळांच्या बसवर ज्या गोष्टी दिसतात, त्यांतील बहुतेकांचा उगम या आदेशांत आहे. महाराष्ट्राने २०११ साली शाळेच्या बसगाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी, असे ठरवले.

हे नियम मोलाचे आहेत, यात शंका नाही. ते पाळले जात नाहीत तेथे काय होते, तेही दिसले आहे. ११ एप्रिल २०२४ रोजी, ईदच्या सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी, राजधानी क्षेत्रातच मोडणाऱ्या हरयाणाच्या महेंद्रगड जिल्ह्यात कनीना गावाजवळ एका खाजगी शाळेची बस उलटली आणि ६ मुले दगावली. चालक दारूच्या अमलाखाली होता, असे पोलिसांनी सांगितले. सुट्टीच्या दिवशी शाळा भरवणारे व्यवस्थापन, बसची तपासणी न करणारी यंत्रणा आणि नशेत गाडी हाकणारा चालक या तिघांची साखळी त्यात होती. नेहमीप्रमाणे लोकांच्या रोषापुढे प्रथम उभा केला गेला तो तिसरा.

पण या कायद्यांचा गाभा नीट पाहिला, तर त्यांत एक मोठी उणीव आढळते. बसमध्ये बसलेल्या मुलाचे रक्षण त्यांनी केले. बसमधून उतरलेल्या मुलाचे नाही. आणि जे मूल कधी बसमध्ये बसतच नाही, पायी शाळेत जाते, त्याचा तर त्यांत विचारच नाही. ६ एप्रिल २०१८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींसाठी कमाल वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटर ठरवली. राज्यांना व स्थानिक अधिकाऱ्यांना ती कमी करता येते. पण त्यांनी काही केलेच नाही, तर ७० कायम राहते. म्हणजे मुलाला घेऊन येणाऱ्या बसच्या वेगाला १९९७ पासून लगाम आहे, आणि ते मूल उतरल्यावर त्याच्या अंगावरून जाणाऱ्या खाजगी मोटारीला ७० ची मुभा. जी गाडी मुलाची आहे ती हळू जावी. जी त्याची नाही ती वेगाने गेली तरी चालेल! या विसंगतीला अनवधान म्हणता येईल काय?

जून २०२१ मध्ये दिल्ली वाहतूक पोलिसांनी वस्त्या, बाजारपेठा व सर्व्हिस रोड यांच्यासाठी ताशी ३० किलोमीटरची मर्यादा जाहीर केली, ही स्वागतार्ह गोष्ट होती. परंतु ती मर्यादा रस्त्याच्या प्रकारावरून ठरली. त्याच आदेशाने अनेक मोठ्या रस्त्यांवर मोटारींना ६० ते ७० ची मुभा राहिली. ज्या शाळेचे दार गल्लीत उघडते तिचे मूल सुरक्षित. ज्या शाळेचे दार हमरस्त्यावर उघडते तिचे मूल नशिबाच्या हवाली.

त्रिकोण आणि वर्तुळ

येथे कायद्याचा एक बारकावा प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावा. शाळेजवळ बहुधा एक त्रिकोणी फलक असतो. त्यावर मुलांचे चित्र असते. हा केवळ सावधगिरीचा फलक होय. तो ‘पुढे शाळा आहे’ असे सांगतो. किती वेगाने जावे, हे सांगत नाही. त्याच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याला वेगमर्यादा मोडल्याबद्दल दंड करता येत नाही. आज्ञा देणारा फलक वर्तुळाकार, तांबड्या कडेचा असतो आणि त्यात वेगाचा आकडा असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे राज्य सरकारला किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर अथवा भागात कमी मर्यादा घालता येते; मात्र त्यासाठी अधिसूचना निघाली पाहिजे आणि कलम ११६ प्रमाणे फलक लागला पाहिजे. अधिसूचना नाही व वर्तुळ नाही, तर मर्यादाही नाही. तेव्हा शाळेपुढे त्रिकोण लावून ‘आम्ही काळजी घेतली’ असे म्हणणारे प्रशासन प्रत्यक्षात मुलाला केवळ चित्रात जागा देत असते.

शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल विहित मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार व सल्लागार यांना १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही रक्कम क्षुल्लक आहे, हे खरे. पण रस्ता बांधणाराही गुन्हेगार असू शकतो, हे तत्त्व कायद्याने मान्य केले, ते महत्त्वाचे. चालकावर गुन्हा नोंदवताना या कलमाची आठवण किती पोलीस ठाण्यांत होते, हा प्रश्न प्रत्येक अपघातानंतर विचारला गेला पाहिजे.

पायी जाणारे मूल कोणाचे?

आता वर्गीय बाजू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत, चालत जाण्याजोग्या अंतरावर शाळा असावी, असे म्हटले आहे. म्हणजे मूल पायी शाळेत जाईल, हे राज्यसंस्थेनेच गृहीत धरले आहे. एवढेच नव्हे, घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर लहान मुलांना धोका असेल, तेथे तो टळेल अशा रीतीने, अंतराची मर्यादा कमी करून, शाळेची जागा ठरवावी, असेही केंद्रीय नियमावलीत नमूद आहे. या तरतुदीचा विचार करताना अधिकाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दरडी, पूर आणि नाले येतात. भरधाव मोटारींचा हमरस्ता हाही एक पूरच आहे, आणि तो पावसाळ्यापुरता नाही, बाराही महिने वाहतो, हे त्यांना कोणी सांगायचे?

ज्यांच्या घरी मोटार आहे, त्यांचे मूल शाळेच्या दारात मोटारीतून उतरते. ज्यांना बसचे शुल्क परवडते, त्यांचे मूल बसमधून येते. पायी येते ते कामगाराचे, घरकामगार बाईचे, पहारेकऱ्याचे, फेरीवाल्याचे मूल. दिल्लीत पोट भरण्यासाठी आलेल्या मराठी कुटुंबांची स्थितीही याहून निराळी नाही. पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेकडे पायी जाणारे मूलही त्याच गर्दीतून वाट काढते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. त्यांत पादचारी होते ३२,८२५. एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले. अठरा वर्षांखालील मृतांची संख्या साडेनऊ हजारांवर होती. म्हणजे दिवसाला सुमारे २६. वझिराबादच्या पुलावर एके दिवशी २८ मुले गेली तेव्हा देश हळहळला. जवळपास तेवढीच मुले आज दररोज जातात. पण ती एकत्र बुडत नाहीत, निरनिराळ्या रस्त्यांवर एकेकटी मरतात, म्हणून मथळा होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये तर शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशद्वारांजवळील अपुऱ्या व्यवस्थेमुळे वर्षभरात सुमारे दहा हजार मृत्यू झाले, असे खुद्द केंद्रीय मंत्र्यांनीच सांगितले. कबुली आली; तिच्यापाठोपाठ जी कृती यायला हवी होती, तिचा पत्ता नाही.

आणि याच वेळी शाळा वस्तीपासून दूर नेण्याचे धोरण चालू आहे. महाराष्ट्रात २०२३ साली वीसहून कमी पटाच्या शाळा मिळवून ‘समूह शाळा’ करण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्यामागील शैक्षणिक युक्तिवादाचा समाचार शिक्षक संघटनांनी वेळोवेळी घेतला आहे. येथे एवढेच म्हणायचे की, गावातली शाळा बंद करणे म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाला राज्य महामार्गाच्या कडेने चालायला लावणे होय. हा खर्च कोणत्याही अर्थसंकल्पात दाखवला जात नाही. तो आईबाप भरतात.

दुसऱ्या टोकाला काय आहे, हे १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला दिसले. अल्पवयीन मुलाच्या हातात असलेल्या किंमती परदेशी मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, आणि काही तासांतच तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला. लोकक्षोभ झाला तेव्हाच यंत्रणा हलली. एका वर्गाच्या मुलाला वेगाचे स्वातंत्र्य आणि दुसऱ्या वर्गाच्या मुलाला रस्ता ओलांडण्याचीही शाश्वती नाही, असे हे चित्र आहे.

चालक हा शत्रू नव्हे

येथे एका सापळ्यापासून सावध राहिले पाहिजे. भरधाव वाहन दिसले की सर्व राग चालकावर निघतो. तो बेपर्वा असेल तर त्याला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु वेग हा पुष्कळदा चालकाचा नसतो, मालकाचा असतो.

दिल्लीकरांना याचा अनुभव आहे. १९९२ साली सार्वजनिक बससेवेत खाजगी मालकांना ‘रेडलाइन’ या नावाने मोकळीक मिळाली. चालक-वाहकाची कमाई पगारावर नव्हे, तर दिवसभराच्या वसुलीवर. पुढच्या थांब्यावरचा उतारू दुसऱ्या बसने उचलण्याआधी आपण उचलला पाहिजे, यासाठी बसगाड्यांची शर्यत सुरू झाली. माणसे चिरडली गेली, ओरड झाली, तेव्हा ‘रेडलाइन’चे नाव ‘ब्लूलाइन’ झाले. रंग बदलला, वसुलीची पद्धत बदलली नाही. आणि २००७ या एका वर्षात या बसगाड्यांखाली शंभराहून अधिक माणसे मेली. अखेर त्या रस्त्यावरून हटवाव्या लागल्या. या इतिहासाचा धडा एकच: वेतनाची पद्धत हीच वेगाची पद्धत असते.

आज तीच पद्धत नव्या वेषात आली आहे. दहा मिनिटांत माल घरपोच देण्याची जाहिरात कंपनीने केली. जीव धोक्यात घालतो तो दुचाकीवरचा तरुण, ज्याला कंपनी कामगार म्हणायलाही तयार नाही. डिसेंबर २०२५ मधील गिग कामगारांच्या संपात हा दहा मिनिटांचा जुलूम थांबवावा, ही एक प्रमुख मागणी होती. या तरुणांची मागणी आणि शाळेत जाणाऱ्या मुलाची गरज या एकच आहेत, हे पालकांनी ओळखले पाहिजे. जो कामगार घड्याळाच्या धाकाखाली नाही, तोच शाळेपुढे हळू जाऊ शकतो.

केवळ शिक्षा वाढवून भागत नाही, हे जानेवारी २०२४ च्या ट्रकचालकांच्या संपाने दाखवून दिले. अपघातानंतर पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद, ही भारतीय न्याय संहितेतील तरतूद चालकांच्या माथी मारली गेली. कामाचे तास, झोप, मालकाचा तगादा, जमावाच्या मारहाणीची भीती यांविषयी मात्र एक अक्षर नव्हते. संपापुढे सरकारला नमते घ्यावे लागले आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम स्थगित ठेवले गेले. चालक आणि पादचारी यांना एकमेकांविरुद्ध उभे करून रस्ता बांधणारा आणि गाडी पळवायला लावणारा हे दोघे नामानिराळे राहतात, हे विसरता कामा नये.

दंडाच्या रकमेतही हाच भेद आहे. वेगमर्यादा मोडणाऱ्या हलक्या चारचाकीला १ ते २ हजार रुपये दंड आहे. रिक्षावाल्या कामगाराच्या दोन-तीन दिवसांच्या कमाईएवढी ही रक्कम, आलिशान मोटारीच्या मालकाला एका जेवणाच्या बिलाएवढीही नाही. फिनलंडमध्ये गंभीर वेगभंगाचा दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारला जातो. समान दंड हा असमान समाजात समान नसतो.

जगाचा अनुभव

ब्रिटनमध्ये १९३० साली मोटारींवरील सर्वसाधारण वेगमर्यादा काढून टाकण्यात आली. मोटारवाल्यांच्या सद्‌सद्विवेकावर विश्वास ठेवावा, असा युक्तिवाद होता. १९३४ साली रस्त्यांवरील मृतांची संख्या सात हजारांवर गेली आणि १९३५ मध्ये वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा घालावी लागली. सद्विवेकाचा प्रयोग पाच वर्षांत संपला.

नेदरलँड्सची कथा अधिक बोधप्रद आहे. १९७१ साली त्या छोट्या देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. मूल गमावलेल्या एका पत्रकाराच्या लेखातून ‘बालहत्या थांबवा’ या नावाची चळवळ उभी राहिली. नावात आडपडदा नव्हता. आईबाप मुलांसह रस्त्यांवर बसले, सायकलींचे मोर्चे निघाले, संसदेपर्यंत प्रश्न गेला. १९७६ साली वस्तीतील रस्त्यांवर पादचारी व मुले यांचा पहिला हक्क मानणाऱ्या रचनेला कायद्याची मान्यता मिळाली. आज त्या देशाच्या सायकलींचे कौतुक करणारे लोक ते वळण तेथील संस्कृतीतून आपोआप आले, असे समजतात. वस्तुतः ते लढ्यातून आले.

ऑस्ट्रियातील ग्राझ शहराने १९९२ साली मुख्य रस्ते वगळता सर्व शहरात ३० ची मर्यादा घातली. युरोपात असे पाऊल उचलणाऱ्या शहरांत ते अग्रणी होते. पुढे २०२१ मध्ये याच शहराच्या महापौरपदी कम्युनिस्ट पक्षाच्या एल्के काहर निवडून आल्या. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे जुलै २०२५ पर्यंतच्या बारा महिन्यांत वाहतूक अपघातात एकही मृत्यू झाला नाही. तेथील निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ३० ची मर्यादा आहे. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, पादचारी व वाहने जेथे एकत्र येतात तेथे कमाल ३० हे तत्त्व मान्य झाले आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्या जाहीरनाम्याला दुजोरा दिला. ‘आपल्या देशात हे चालणार नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हे सांगावे की, आपल्या मुलांची हाडे अधिक बळकट आहेत काय?

काय करायचे?

कस्तुरबा गांधी मार्गासारख्या रस्त्यावर ही मागणी कोणाकडे करायची, हाही प्रश्नच आहे. रस्ता नवी दिल्ली नगरपालिका परिषदेचा. आणि ही परिषद १९९४ च्या कायद्यानुसार नेमलेली असते, येथील रहिवासी तिला मतदानाने निवडत नाहीत. वाहतूक पोलीस केंद्रीय गृहखात्याच्या ताब्यात. परिवहन विभाग दिल्ली सरकारचा. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवावे, याहून सोयीची रचना नाही. म्हणून निवेदन एकाच्या हाती देऊन थांबता येणार नाही. तिघांनाही एकाच वेळी, लेखी जाब विचारला पाहिजे.

मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक शाळेच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरापर्यंत ताशी ३० किलोमीटरची मर्यादा कलम ११२ खाली अधिसूचित व्हावी आणि त्रिकोणाबरोबर वर्तुळाचा फलक लागावा. केवळ फलकावर न थांबता उंचवट्याचे पादचारी पट्टे, गतिरोधक, मध्ये थांबण्यासाठी सुरक्षित जागा आणि अखंड पदपथ बांधले जावेत, म्हणजे रस्त्याचा आकारच वेग कमी करील. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी शाळेच्या दारापुढे खाजगी मोटारी उभ्या करण्यास मनाई असावी. कारण या मोटारींच्या रांगाच पायी येणाऱ्या मुलाला चालकाच्या नजरेआड करतात. सार्वजनिक बससेवा वाढवावी, आणि शाळेच्या बसचालकांना व मदतनिसांना बारमाही नोकरी, निश्चित वेतन व विश्रांती मिळावी. प्रत्येक शाळेजवळील अपघाताच्या चौकशीत रस्त्याच्या रचनेची तपासणी बंधनकारक करावी.

पदपथाच्या मागणीचा उपयोग फेरीवाल्यांना हुसकण्यासाठी करू दिला जाणार नाही, हेही स्पष्ट करणे अगत्याचे आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथावर निर्वेध चालण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. या निर्णयाचा आधार घेऊन २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने दिलेले संरक्षण तुडवण्याचा प्रयत्न होऊ शकतो. पदपथ अरुंद झाला तो प्रामुख्याने भाजीच्या टोपलीमुळे नव्हे. मोटारींसाठी रस्ता रुंद केल्यामुळे आणि पदपथावर त्या उभ्या केल्यामुळे झाला. जागा घ्यायची तर ती मोटारीकडून घ्यावी.

आणि हे काम उद्यापासून सुरू करण्याजोगे आहे. प्रत्येक शाळेत पालकांनी, शिक्षकांनी व बसचालकांनी मिळून समिती करावी. सकाळ-दुपार तासभर उभे राहून किती मुले पायी येतात, कोठे रस्ता ओलांडतात, कोणता फलक आहे व कोणता नाही, याची नोंद करावी. माहिती अधिकाराखाली त्या रस्त्याची अधिसूचित वेगमर्यादा लेखी मागावी. उत्तर आले नाही, तर तेच आपले पहिले पत्रक. कामगार संघटनांनी हा प्रश्न आपल्या मागणीपत्रात घ्यावा. कारण कामावर गेलेल्या आईबापांना मुलाचा हात धरून रस्ता ओलांडून देता येत नाही, आणि तो हात समाजाने धरावा, ही मागणी कामाच्या तासांच्या मागणीइतकीच न्याय्य आहे.

शाळेपुढील तीनशे मीटर अंतर ७० ऐवजी ३० च्या वेगाने जाण्यास मोटारीला सुमारे वीस सेकंद अधिक लागतात. एवढाच हा सारा वाद आहे. एका बाजूला मोटारवाल्याचे वीस सेकंद, दुसऱ्या बाजूला मुलाचे आयुष्य. या तराजूत कोणती बाजू जड आहे, याचा निर्णय आजवर ज्यांनी केला, त्यांच्या हातून तो काढून घेण्यासाठी संघटित व्हा.